तिसरी शिट्टी

कदम सरांना कविता कळत नसे. ही त्यांची निंदा नव्हे, ते स्वतःच चारचौघांत सांगत. "बाई, कविता म्हनलं की माजं डोकं चालत न्हाई. सामना म्हना, मग सांगतो." आमच्या मानवतच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक आणि मी मराठीची, म्हणजे वेळापत्रकात आम्ही एकमेकांचे शत्रूच. परीक्षा जवळ आली की मी त्यांचा तास मागून घेई. ते देत, पण मी शिकवू लागले की खिडकीबाहेर उभे राहून मुलांकडे असे बघत, जणू मी त्यांची गुरं कोंडवाड्यात घातली आहेत.

उंची बेताची, मान आखूड, पोटऱ्या मात्र दगडासारख्या. पांढऱ्या पँटवर मैदान आखायच्या फक्कीचे डाग, म्हणजे पांढऱ्यावर पांढरे, त्यामुळे ते त्यांना कधी दिसलेच नाहीत. गळ्यात पितळेची शिट्टी. ती ते जेवतानासुद्धा काढत नसत, वरणात बुडू नये म्हणून पाठीवर टाकत. लहानपण निजामाच्या राज्यात गेलेलं, चार इयत्ता उर्दूत झालेल्या, म्हणून त्यांच्या तोंडी मुद्दत, फैसला, हाजिर हे शब्द कायमचे बसलेले. मुलं हजेरीला 'उपस्थित' म्हणाली तर त्यांना ऐकूच जात नसे. 'हाजिर' म्हटलं की मान हलायची.

मुलं त्यांना पाठीमागे 'शिट्टी' म्हणत. त्याला कारण होतं. तालुक्यात कबड्डीचे सामने असले की पंच म्हणून कदम सर, आणि कदम सर म्हणजे वेळ. एखादा संघ मैदानावर आला नाही तर ते पहिली शिट्टी वाजवत, थोड्या वेळानं दुसरी, आणि मग तिसरी. तिसऱ्या शिट्टीला संघ रेषेच्या आत नसला तर समोरच्याला 'पुढे चाल', म्हणजे न खेळताच विजय. एकदा सेलूचा संघ तिसऱ्या शिट्टीला फाटकापाशी पोचला होता, बूट हातात घेऊन पळत होता. सरांनी वही मिटली. पोरं रडली, त्यांचे मास्तर चिडले, सर म्हणाले, "कायदा माजा न्हाई, मैदानाचा हाय." तेव्हा मी त्या वाक्यावर खूश झाले होते. आता त्या वाक्याची मला चीड येते.

सत्त्याहत्तर सालच्या स्नेहसंमेलनात काव्यवाचनाची स्पर्धा झाली. शिस्तीची जबाबदारी सरांकडे. सतरा मुलांनी एकामागून एक येऊन कविता म्हटल्या, ज्याचा आवाज मोठा त्याला बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी सर शिक्षकखोलीत माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा गंभीर.

"बाई, कालची ती स्पर्धा न्हवती."

"मग काय होतं सर?"

"सतरा जन आले, एकएकटे दम घुमवून गेले. समोर कोनी हाय का? कोनी पकडायला हाय का? आपलं रिकाम्या मैदानात कबड्डी कबड्डी. ह्याला सामना म्हनत न्हाईत."

मी हसले. पण तो माणूस आठवडाभर त्याच विचारात होता. आणि एका शनिवारी त्यांनी माझ्यापुढे ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला. त्यावर कबड्डीच्या सामन्यांची काढतात तशी भाग्यपत्रिका. बत्तीस रेघा, त्यांच्या सोळा जोड्या, मग आठ, मग चार, दोन, एक. पण संघांच्या जागी माणसं, आणि मैदानाच्या जागी पोस्टकार्ड.

त्यांचा बेत असा होता. जिल्ह्यात ज्याला कुणाला ओव्या, कवनं रचता येतात त्यानं नाव कळवायचं. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. एकानं कार्डावर दोन ओळींचा सवाल करायचा, दुसऱ्यानं दोन ओळींत जवाब द्यायचा आणि त्याच कार्डावर उलटा सवाल टाकायचा. असे तीन फेरे. मग परीक्षकांचा, म्हणजे माझा आणि आणखी दोघांचा, फैसला. जवाबाला मुद्दत आठ दिवस. आठ दिवसांत जवाब नाही आला तर सर एक कार्ड धाडणार, त्यावर दोनच शब्द: पहिली शिट्टी. मग चार दिवसांनी दुसरी. मग तिसरी. मग पुढे चाल.

याला त्यांनी नाव दिलं 'कार्ड-सामना'. मी सुचवलेली चांगली चांगली चार नावं त्यांनी बाजूला सारली.

खरी गंमत पुढेच होती. सगळी कार्डं शाळेच्या पत्त्यावर सरांच्या नावे यायची आणि सर ती दुसऱ्याला तशीच पाठवत नसत. आपल्या गोल, शाळकरी अक्षरात नव्या कार्डावर उतरवून काढत आणि वर फक्त क्रमांक टाकत. मूळ कार्ड एका पत्र्याच्या डब्यात कुलपात. "अक्षरावरून मानूस कळतो बाई. शिकलेला का अडाणी, हे लगीच कळतं. शिक्क्यावरून गाव कळतं. गावावरून सगळंच कळतं." म्हणून सगळं सरांच्या हातचं आणि सगळ्यांवर मानवतचाच शिक्का. आम्हा परीक्षकांनासुद्धा फक्त क्रमांक. नाव, आडनाव, बाई की बुवा, काही नाही. अर्थात ओवीच 'ग' म्हणून बोलू लागली तर तेवढं आपोआप कळे.

नऊ क्रमांक म्हणजे गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानं स्वतःच ते गावभर केलं होतं. त्याचे वडील एकदा गाडी घेऊन शाळेत आले. मुलासमोर कोण आहे एवढंच त्यांना हवं होतं. सरांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "शेठ, मैदानात उतरल्यावर बनियनवर नंबर असतो, सातबारा नसतो." शेठ चहा अर्धा टाकून गेले. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून बरंच ऐकवलं. सर बाहेर येऊन मला म्हणाले, "चहा चांगला होता, उगंच टाकला."

कविता कळत नसताना हा माणूस फैसल्याच्या वेळी मात्र माझं डोकं खाई. मी म्हणे, ही उपमा सुंदर आहे. ते विचारत, "पन तिनं त्याला पकडलं का? का ह्यो नुसता निदानरेषेला शिवून परत आला?" आधी मला त्याचा राग येई. हळूहळू लक्षात आलं की त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा बरा आहे. समोरच्यानं जे विचारलं त्याला हात लागला का, एवढंच ते बघत. पुस्तकातली जड शब्दांची मंडळी त्यांच्या प्रश्नावर एकेक करून गळाली. आणि चौथ्या फेरीत, म्हणजे उपांत्य फेरीत, समोरासमोर आल्या चौदा आणि तेवीस.

दोघीही बायका. एवढंच आम्हाला कळत होतं. त्यांची कार्डं आली की मी हातातलं काम टाकून वाचत असे. चौदा उदास, पण उदासपणा मिरवणारी नव्हे. तेवीस तिच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवी आणि वर तिला हसवी. दुसऱ्या फेऱ्यानंतर चौदानं नियम मोडून सवालाखाली एक ओळ जादा लिहिली: 'तुम्ही कोण आहात ते नका सांगू, पण लिहीत राहा.' सरांनी ती ओळ उतरवली नाही. नियमात बसत नव्हती. पण दोन दिवस ते अस्वस्थ होते.

मग चौदाचा शेवटचा सवाल आला.

'आड माझ्या दारात, पाणी काठाला टेकलं,
तहान भागंना माझी, सांग कुठं ग चुकलं?'

सरांनी तो उतरवून तेवीसला धाडला. ते दिवस होते अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्याचे. मुंबईला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाडा पेटला होता. एसटी बंद पडत होत्या, शाळा भरत होत्या, सुटत होत्या. शिक्षकखोलीत लोक हळू आवाजात बोलत आणि कुणी आत आलं की कापसाच्या भावावर येत. कुठल्या कुठल्या गावच्या वस्त्या जळाल्याचं कानावर येई. माझ्या कानावर येई आणि मी वह्या तपासत बसे. हे मला लिहायलाच हवं.

आठ दिवस झाले, तेवीसचा जवाब नाही. पहिली शिट्टी गेली. मग दुसरी. मग तिसरी. एकही कार्ड परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार, असा सरांचा हिशेब. शेवटच्या दिवशी सर निकालाची वही घेऊन माझ्याकडे आले. वहीवर परीक्षकाची सही लागे.

"बाई, थांबायचं का थोडं?" त्यांनी विचारलं. "दिवस बरे न्हाईत."

अंतिम सामना गणपतीत शाळेच्या व्यासपीठावर वाचून दाखवायचा असं मी मुख्याध्यापकांना कबूल करून बसले होते. नऊ क्रमांक अंतिम फेरीत पोचून महिना झाला होता, त्याचे वडील रोज निरोप धाडत होते. मला ते सगळं डोक्यावरून उतरवायचं होतं. मी हसत म्हणाले, "कायदा तुमचा नाही ना सर, मैदानाचा आहे."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. तेवीस गैरहजर, चौदाला पुढे चाल.

चार दिवसांनी चौदाचं कार्ड आलं. त्यात ओवी नव्हती. 'मला पुढे चाल नको. मला जवाब पाहिजे. मी थांबते.' एवढंच. सरांनी ते दोनदा वाचलं, पत्र्याचा डबा उघडला, तेवीसचा पत्ता काढला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून गंगाखेडच्या गाडीत बसले. गाव गंगाखेड तालुक्यातलं, राणीसावरगावच्या बाजूचं. त्याचं नाव मी लिहीत नाही.

परत आले ते थेट खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले. मी गेले तेव्हा ते लेझीमच्या ढिगावर बसले होते. गळ्यात शिट्टी नव्हती. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होते.

"वस्ती न्हाई," ते म्हणाले. "भिंती हायत. काळ्या. तेवीसच्या घराची चौकट तेवढी उभी हाय, वर पत्रा न्हाई, मागं काई न्हाई. मानसं कुठं गेली कुनी सांगंना. विचारलं की लोक दुसरीकडं बघायलेत." मग त्यांनी खिशातून तीन कार्डं काढून माझ्या हातात दिली. "चौकटीच्या फटीत खोचली होती. पोस्टमनला विचारलं, तर म्हनला, पत्ता बराबर होता साहेब, म्हनून टाकली."

पहिली शिट्टी. दुसरी शिट्टी. तिसरी शिट्टी. तिन्ही सरांच्या गोल अक्षरात. पावसानं शाई फुटली होती, पण शब्द वाचता येत होते.

"जळलेल्या घराला म्या शिट्टी वाजवली बाई. येक न्हाई, तीन."

मी कार्डं पदराला पुसू लागले. तेवढ्यात ते पुन्हा म्हणाले, "आनि अजून येक. त्या चौकटीत उभं ऱ्हायलं की समोर गाव दिसतं. पयलाच वाडा हाय पाटलाचा. दारात आड हाय."

मला कळायला क्षणभर लागला.

"चौदा त्याच घरची सून," ते म्हणाले. "मला पत्ते ठाऊक होते. पन चिठ्ठी निघाली तशी जोडी लावली. येकाच गावच्या दोघी म्हनून बदलायची म्हनजे मग नंबर कशाला दिले?"

ते रडले नाहीत. मी रडले. ते उठले, बादलीतल्या पाण्यानं फडकं ओलं करून मला दिलं, आणि म्हणाले, "तुमी कशाला रडायलात? वही माजी होती." सही माझी होती, हे मी त्यांना त्या दिवशी म्हणाले नाही. नंतरही कधी म्हणाले नाही.

निकाल त्यांनी रद्द केला. चौदाला कार्ड गेलं: 'सामना थांबलेला आहे.' अंतिम सामना झालाच नाही. शेठ चिडले, मुख्याध्यापक चिडले, पुढच्या वर्षी कितीतरी जणांची नावं आली. नवा सामना सुरू करा म्हणून मी स्वतः गळ घातली. सरांचं एकच उत्तर. "आधीचा संपला न्हाई. मैदानावर येक सामना चालू असताना दुसरा कसा लावता येतो?"

मग तेवीसचा शोध सुरू झाला. डब्यातल्या मूळ कार्डावर तिचं नाव होतं, कौसल्या. पंच म्हणून ते नांदेड, लातूर, बीड फिरत. तिथल्या वस्त्यांमधली पोरं खेळायला आली की त्यांना बाजूला घेऊन विचारत, तुमच्यात कुणी कौसल्या नावाची आहे का, सातवी शिकलेली, ओव्या रचणारी. पोरांना वाटे सर लग्न जुळवायला निघालेत. वहीत त्यांनी सतरा कौसल्यांची नावं लिहून ठेवली होती. प्रत्येकीला जाऊन भेटले, आणि एकीच्या नवऱ्यानं त्यांना हाकलूनही दिलं. ते हसून सांगत, "त्याचं बराबर हाय. म्हातारा येऊन बायकोला ओवी म्हनायला लावायलाय, कोन उभं करंल?"

शिट्टी पुन्हा गळ्यात आली, नोकरीच होती ती. पण तिसरी शिट्टी त्यांच्या हातून वाजेना. एका तालुका सामन्यात जिंतूरकडच्या एका खेड्याचा संघ आला नाही. सरांनी दोन शिट्ट्या दिल्या आणि थांबले. अर्धा तास, एक तास. लोक ओरडू लागले, समोरचा संघ रेषेवर बसून शेंगा खाऊ लागला, पाहुणे घड्याळ दाखवू लागले. सर फाटकाकडे तोंड करून उभे. दोन तासांनी तो संघ चिखलानं माखून चालत आला. त्यांची बस नाल्यात अडकली होती. सामना झाला आणि ती पोरं सपाटून हरली. सरांना पंचांच्या यादीतून काढलं. वाईट कुणाला वाटलं असेल तर मला. ते मात्र बसमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाले, "हरले तर हरले. खेळून हरले."

चौदाचं कार्ड दर दिवाळीला येई. एकच ओळ: 'जवाब आला का?' सर उत्तर देत: 'अजून नाही. सामना चालू आहे.' ती तेवीस म्हणजे समोरच्या जळलेल्या वस्तीतली पोर, हे त्यांनी तिला कधी कळवलं नाही. नियम म्हणून नाही. "तिनं दार उघडलं की रोज तेच दिसतं," एवढंच म्हणाले. मग एका दिवाळीला कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "कंटाळली असंल पोर," सर म्हणाले. "लेकराबाळांचं असंल."

नव्वद साली ते निवृत्त झाले. त्र्याण्णवमध्ये अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालेलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतराचं एकदाचं झालं. त्यानंतर महिना दीड महिन्यानं मी साक्षरता वर्गाच्या शिबिराला नांदेडला गेले होते. एका वस्तीतला वर्ग बघायला आम्हाला नेलं. शिकवणारी पस्तिशीची बाई, सावळी, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. फळ्यावर बायकांना वाचायला दोन ओळी लिहिलेल्या.

आड माझ्या दारात, पाणी काठाला टेकलं.

मी मागे बायकांत जाऊन बसले. वर्ग सुटल्यावर तिला विचारलं, ह्या ओळी कुणाच्या?

"कुनाच्या काय ठाऊक बाई," ती म्हणाली. "मानवतला येक सर होते, त्यांच्या सामन्यात मला आलेला सवाल हाय. म्या हरले त्यात. मुदतीत जवाब गेला न्हाई माजा."

"तुम्ही कौसल्या," मी म्हणाले. "तेवीस."

तिनं हातातला खडू खाली ठेवला. मग पायरीवर बसली. मी सांगितलं, निकाल रद्द झाला, सर सोळा वर्षं तुम्हाला शोधताहेत. ती मान हलवत राहिली. "शोधायलेत? मला? आवो, मला तर पत्ता पाठ होता शाळेचा. येक कार्ड टाकलं असतं."

"मग टाकलं का नाही?"

"आठ दिवस उलटून गेले की. तीन शिट्ट्या झाल्या असतील म्हनलं. सरांचा कायदा होता तो. त्या सामन्यात आमाला कुनी जात इचारली न्हाई, आडनाव इचारलं न्हाई. फकस्त कायदा पाळा म्हनले. मग त्यो बी मोडायचा का?" आणि पुढं म्हणाली, "जवाब तवाच जुळला होता. नांदेडला येताना, वाटंतच. पन कार्ड कुठलं तवा."

चौदाच्या पहिल्या सवालातही तो आड होता, आणि आड कुणाचा हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. गावात तसा आड एकच होता. "तिला ठाऊक न्हवतं मी कोन. मला ठाऊक होतं ती कोन. म्हनून तर लिहायला लय बरं वाटायचं."

मी पर्समधून कोरं कार्ड काढलं आणि म्हटलं, लिहा, मी हातोहात नेऊन देते. तिनं लिहिलं, पण माझ्या हातात दिलं नाही. "टपालानंच जाऊ द्या. हातानं दिलेलं चालत न्हाई." आणि पेटीत टाकायला स्वतः गेली.

कार्ड शाळेत आलं ते मीच घेऊन सरांकडे गेले. पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी वाचून दाखवलं.

'तुझ्या आडाचं पाणी म्या लांबून पाहिलं,
तहान सारखी दोघींची, दोर टाकायचं राहिलं.'

कविता न कळणाऱ्या त्या माणसानं डोळे मिटून घेतले. "पकडलं," ते म्हणाले. "पकडलं बाई तिनं." आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा नुसताच बघत होता.

मग कोरं कार्ड मागितलं. चौदाला उतरवून धाडायचं होतं. मी म्हटलं, मी लिहिते. "नको. तुमचं अक्षर ओळखू येतं, बाईमानसाचं." मांडीवर पाट घेऊन डाव्या हातानं ते लिहायला बसले. एक अक्षर काढायचे, दम घ्यायचे. त्या दोन ओळींना दोन दिवस लागले. खाली आणखी तीन शब्द लिहिले: आता तुमचा फैसला. मी कार्ड टपालात टाकलं आणि ते मुद्दत मोजू लागले.

सहाव्या दिवशी ते कार्ड शाळेत परत आलं. पत्त्यावर पोस्टमननं लाल पेन्सिलीनं आडवं लिहिलं होतं: मयत. आठ वर्षांपूर्वी. परत.

दिवाळीची कार्डं का थांबली ते मला तेव्हा कळलं. मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. सांगायला म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा वळले.

पुढच्याच आठवड्यात सर गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मुदतीच्या आठव्या दिवशी. उन्हं उतरत होती. त्यांनी पलंग दारात ओढवून घेतला होता, शाळेचा रस्ता येतो त्या बाजूला तोंड करून. सदरा धुतलेला, दाढी केलेली, आणि कित्येक महिन्यांनी गळ्यात शिट्टी.

"आलं का?"

"नाही सर."

"आठ दिवस झाले."

"हो."

पर्समध्ये ते परत आलेलं कार्ड होतं आणि एक कोरं होतं. ते पहिली शिट्टी लिहायला सांगतील, मी लिहीन आणि घरी जाऊन फाडून टाकीन, असं ठरवून मी आले होते. मी कोरं कार्ड आणि पेन काढलं. "लिहू का सर? पहिली शिट्टी?"

त्यांनी डाव्या हातानं शिट्टी गळ्यातून काढली. दोरी कानात अडकली, मला ती सोडवून द्यावी लागली. शिट्टी त्यांनी उशीखाली सारली.

"नको," ते म्हणाले. "थांबू आपन. लय दिसानं जवाब आलाय, तिला इचार करायला येळ लागंल." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "का तुमाला घाई हाय बाई?"

"नाही सर," मी म्हणाले. "मला काही घाई नाही."